पिंपातला फौजदार

"मामा, तुम्ही इथं बसा," असं म्हणून मी दस्तगीरभाईंची वेताची खुर्ची माझ्या स्टुलाजवळ ओढली.

सासरे बसेनात. पंचाहत्तर सालचा मंगळवार होता तो, बाजाराचा दिवस. शालिमार टॉकीजचं पत्र्याचं छप्पर उन्हानं तडतडत होतं. खाली वाळूवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. कुणाजवळ मिरच्यांची पिशवी, कुणाच्या मांडीवर नवी घागर.

"मालकाची खुर्ची दिसतीय," सासरे म्हणाले. "मी बसतो की खाली, लोकांबरोबर."

"बसा पाटील, बसा," मागून दस्तगीरभाई म्हणाले. "जावयाचा थाट बघायला आलाय, तर जवळून बघा. सगळं पब्लिक ह्याच्या तोंडासाठी येतं. पिक्चर माझं, पण गिऱ्हाईक ह्याचं."

मला ते हवं होतं. ते सासऱ्यांना ऐकू जावं म्हणूनच मी त्यांना आणलं होतं.

प्रयागला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला न्यायला ते कासारखेडहून सकाळीच आले होते. परतीची एस.टी. साडेपाचला होती. प्रयागनं दोनदा सांगितलं, "आबांना कशाला टॉकीजात नेता? घरी पडू द्या घटकाभर." मी ऐकलं नाही. तीन वर्षांत सासऱ्यांनी माझं काम कधी पाहिलं नव्हतं. गावाला कुणी विचारलं तर ते 'जावई टॉकीजात तिकिटं फाडतात' असं सांगायचे. ते मला लागायचं.

माझं काम काय, ते आधी सांगतो. दस्तगीरभाईंनी सोलापूरच्या एका बंद पडलेल्या कंपनीकडून इंग्रजी पिक्चरचे डबे भंगाराच्या भावात उचलले होते. सगळे काळे-पांढरे, जुने, घोड्यांचे आणि पिस्तुलांचे. एकेक पिक्चर जेमतेम तासाभराचं, म्हणून मंगळवारी दुपारी एका तिकिटात दोन लावायचे. भाषा कुणाला कळायची नाही. मग पडद्याच्या बाजूला स्टूल टाकून मी माइकवरून मराठीत गोष्ट सांगायचो. मी सातवी पास. मलाही इंग्रजी येत नव्हतं. हललेल्या ओठांवरून मी मनानं बोलणं जोडायचो. पांढऱ्या टोपीवाल्याचं नाव मी सर्जेराव ठेवलं होतं. शेरीफला फौजदार म्हणायचो. दारूच्या दुकानात नाचणाऱ्या बाईला मी बार्शीची करून टाकलं होतं.

त्या पिक्चरांत बनवणाऱ्यांची गरिबी दिसायची, आणि तीच लोकांना आवडायची. दर पिक्चरमध्ये तीच खिंड. खिंडीच्या तोंडाशी पालथ्या पातेल्यासारखा एक दगड होता, तो दिसला की वाळूवरून शिट्ट्या यायच्या. दारूच्या दुकानातलं घड्याळ कायम दहा वाजून दहा मिनिटांवर. एकदा एक दरोडेखोर टेकून उभा राहिला तर मागचा डोंगर हलला. मागच्या मंगळवारी मेलेला माणूस या मंगळवारी मिशी लावून यायचा आणि लोक ओरडायचे, "आला रं आला, मेलेला आला!" मोठ्या पिक्चरांपुढे माणूस दबून बसतो. इथं कुणी दबत नव्हतं. आपल्या गावातल्या पोरांनी गणपतीत नाटक बसवावं, तसं ते वाटायचं. आणि तासाभरात सगळं निस्तरलेलं असायचं. चांगला माणूस दार उघडून रस्त्यावर यायचा, वाईट माणूस समोर उभा राहायचा, बार व्हायचा, संपलं.

प्रयागला त्या पिक्चरांचं वेड होतं. बायकांच्या बाजूला कमरेएवढी भिंत होती. मंगळवारी दुपारी तिथं बहुतेक ती एकटीच असायची. घरी आली की हिशेब सांगायची, "आज सर्जेरावानं एका पिस्तुलातून सतरा बार काढले. सहाचंच असतं ना ते?"

"तुला काय आवडतं एवढं त्यात?" मी एकदा विचारलं.

"माणूस बाहेर येतो," ती म्हणाली.

त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. तो तिनं नंतर सांगितला. दुपारची ज्वारी निवडत बसली होती, तिसरा महिना चालू होता. सुपातून हात न काढता तिनं सांगितलं.

ती सात वर्षांची होती. आई आधीच गेलेली. आबा गावचे पोलीस पाटील, घरात परवान्याची बंदूक. त्या दिवशी ते बार्शीला बाजाराला गेले होते, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. संध्याकाळी ते पायवाटेनं शेतातून घरी आले, ते कुणाला ठाऊक नव्हतं. रात्री गावात दरोडा पडला. आबांनी तिला उचललं आणि ज्वारीच्या मोठ्या कणगीत उतरले, वरून झाकण ओढून घेतलं. तिच्या तोंडावर हात दाबून धरला. बंदूक खुंटीवरच राहिली. शेजारचा भगवान काठी घेऊन बाहेर पडला, तो कुऱ्हाडीनं मेला. उजाडायच्या आत आबा मागच्या दारानं गेले आणि मग फाट्याच्या बाजूनं चालत गावात आले. पहिल्या गाडीनं आलो म्हणाले. गावानं मानलं. भगवानचं प्रेत बघून ते जे रडले, ते खरं होतं, असं ती म्हणाली.

"मला कुणी विचारलं की मी सांगायची, आबा बाजाराला गेले होते. चौदा वर्षं सांगतेय. तुम्हाला पहिल्यांदा खरं सांगितलं."

"मी कुणाला कशाला बोलू?"

"शपथ घ्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

तर त्या मंगळवारी सासरे शेवटी खुर्चीत बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला, परत डोक्यावर घातला. भिंतीपलीकडे प्रयाग पाठीला उशी लावून बसली होती. ऑपरेटरनं दिवे घालवले.

पहिलं पिक्चर मी सरळ सांगितलं. सासऱ्यांसमोर बार्शीची बाई, तिचे चाळे हे काही काढायचं नाही असं ठरवलं होतं. "आता सर्जेराव घोड्यावर बसला. आता तो निघाला." असं चाललं होतं. दहा मिनिटांत वाळूवर चुळबुळ सुरू झाली.

"काय ओ माइकवाले, दात दुखतोय का?" कुणीतरी ओरडलं.

"सासरा आलाय त्याचा!" दुसरा. "सुनबाईवानी बोलतंय!"

हशा झाला. तो माझ्यावर झालेला हशा होता. मी खुर्चीकडे बघितलं. सासरेही मिशीत हसत होते. त्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते सोसलं नाही.

मध्यंतरात दस्तगीरभाई शेंगदाण्याची पुडी घेऊन आले. "अरे निवृत्ती, मीठ विसरला का आज? चार माणसं उठून गेली. पाटील, तुम्हीच सांगा ह्याला."

"बोला की जावईबापू," सासरे म्हणाले. "माझी कसली लाज धरता? मी काय रोज येणार हाय?"

दुसरं पिक्चर मीही आधी पाहिलं नव्हतं. नवा डबा होता, म्हणजे जुनाच, पण आमच्याकडे पहिल्यांदा निघालेला. मी सुरुवातीपासून सुटलो. घोड्याला बोलायला लावलं. दारूवाल्याला आमच्या गावच्या हॉटेलवाल्याचा आवाज दिला. वाळूवरचे लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. सासरे खुर्चीत पुढं वाकून हसत होते. हसताना त्यांनी एकदा माझ्या गुडघ्यावर थाप मारली. त्या थापेनं मी चढलो, हे खरं आहे.

मग तो फौजदार आला. जाडा, छातीवर चांदणी लावलेला. गावात दरोडेखोर शिरल्याची वर्दी आली आणि तो पळत एका वाण्याच्या दुकानात शिरला. तिथं एक मोठं लाकडी पिंप होतं. तो पिंपात उतरला आणि आतून झाकण ओढून घेतलं.

पुढं पडद्यावर नुसतं पिंप. घोडे, दरोडेखोर, लूट, काही दिसेना. त्या लोकांकडे तेवढे घोडे आणायला पैसे नसतील. नुसते बंदुकीचे आवाज, किंकाळ्या, आणि पडद्याच्या मधोमध ते पिंप. दीड मिनिट तरी ते तसंच राहिलं असेल. माइकवर दीड मिनिट फार मोठं असतं. सगळं टॉकीज माझ्याकडे तोंड करून थांबलं होतं.

आणि माझ्या तोंडात ते तयार होतं.

मी आवाज घोगरा केला. "गप गं पोरी, गप. शिंकलीस तर दोघंबी जाऊ."

पिंपात पोरगी नव्हतीच. मी घातली ती. लोक खदखदले. मग मी बारीक आवाज काढला. "आबा, आबा, बंदूक हाय की आपल्यापाशी!"

"हाय गं, पण ती लग्नात बार काढायची हाय!"

टॉकीज डोक्यावर घेतलं लोकांनी. पत्रा वाजत होता. मी थांबलो नाही.

"आबा, लोकांनी इचारलं तर काय सांगू?"

"सांगायचं, आबा बाजाराला गेलते. उजाडलं की मी मागल्या दारानं जातो, आन फुडल्या रस्त्यानं पहिल्या यष्टीनं येतो!"

त्या मुलखात एस.टी. म्हटल्यावर तर लोक आडवे झाले. एक म्हातारा डोळे पुसत होता. पडद्यावर अजून पिंपच होतं. मी सवयीनं खुर्चीकडे बघितलं, आपलं कसं चाललंय ते बघायला.

सासरे पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. तोंड अर्धवट उघडं होतं, मघाचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

भिंतीपलीकडे मी बघितलं नाही.

इथं मी माइक खाली ठेवला असं लिहायला मला आवडलं असतं. मी ठेवला नाही. पिंपाचं झाकण उघडलं, फौजदार बाहेर आला, आणि मी पुढची पंचवीस मिनिटं बोलत राहिलो. सर्जेराव रस्त्यावर आला, बार झाला, दरोडेखोर पडला. मी सगळं सांगितलं. आवाज हलला नाही. सासरेही शेवटपर्यंत बसून राहिले. उठून गेले असते तर लोकांच्या नजरेत आलं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

बाहेर पाचचं ऊन होतं. टॉकीजच्या आवारात सायकलींजवळ प्रयाग उभी होती. तिची पत्र्याची पेटी आणि पिशवी मी तिकिटाच्या खोलीत ठेवली होती, ती आणायला गेलो. घेऊन आलो तर सासऱ्यांसमोर तिघे जण उभे होते. पुढचा उंच, खांद्यावर घोंगडी. मी त्याला कासारखेडला लग्नात पाहिलं होतं. रामलिंग. भगवानचा धाकटा भाऊ.

तो सासऱ्यांशी बोलत नव्हता. माझी वाट बघत होता.

"माइकवाले," तो म्हणाला, "लई हसवलंत."

मी मान हलवली.

"ते पिंपातलं. मागल्या दारानं जातो आन पहिल्या गाडीनं येतो. ते पिक्चरमदी व्हतं का तुम्ही मनानं घातलं?"

पेटी माझ्या हातात होती. उत्तर सोपं होतं. पिक्चरमध्ये होतं, एवढं म्हणायचं. किंवा मनानं घातलं, सगळंच मनानं घालतो मी. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. तासभर मी घोड्यांना बोलायला लावलं होतं. पण रामलिंग माझ्यापेक्षा वीतभर उंच होता, त्याच्यामागे दोघे होते, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आता खोटं बोललो आणि याला कळलं तर हा मला मारील, एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

"बोला की," रामलिंग म्हणाला. "मी का इचारतो ते सांगतो. त्या दिशी सकाळी पहिली गाडी आलीच नव्हती. मी फाट्यावर व्हतो, डाक्टरला आणाय. भगवानची धुगधुगी व्हती अजून. दोन तास थांबलो. गाडी आली न्हाई. माघारी गावात आलो तर पाटील आलेले. चौदा वर्षं मी मनात म्हणतोय, आले कशानं? मग म्हणायचो, आले आसतील कुणाच्या बैलगाडीनं, इसरले आसतील. पाटलावर कशाला संशय घ्यायचा?"

प्रयाग माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोलावा म्हणून बघत होती. लग्नानंतर तिनं माझ्याकडे कशासाठी म्हणून असं बघितलेलं मला आठवत नाही.

मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांना नगो इचारू," सासरे म्हणाले. "मला इचार."

रामलिंग वळला.

"पाटील, त्या राती तुम्ही बार्शीला व्हता ना?"

"नव्हतो."

"मग?"

"घरात व्हतो. कणगीत. ही व्हती माझ्यापाशी."

आवारात अजून माणसं रेंगाळत होती. एकजण आमच्याकडे बघून "फौजदार, फौजदार" असा मला आवाज देऊन हसत गेला. त्याला काही ठाऊक नव्हतं.

रामलिंगनं घोंगडी खांद्यावरून काढली, हातात धरली. तो मारणार असं मला वाटलं आणि मी एक पाऊल मागं गेलो. प्रयाग एक पाऊल पुढं आली, पोट सांभाळत. सासरे जागचे हलले नाहीत.

"भगवान तुमच्या दारात उभा राहून तुमच्या नावानं हाका मारत व्हता," रामलिंग म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "आम्ही आमच्या माळ्यावरनं ऐकत व्हतो. मी म्हणायचो, येडं हाय ह्ये. पाटील गावात न्हाई, आन ह्यो पाटील पाटील करतोय."

"ऐकल्या मी हाका," सासरे म्हणाले. "पाच मारल्या त्यानं."

रामलिंगनं घोंगडी परत खांद्यावर टाकली आणि बरोबरच्या दोघांना म्हणाला, "चला." ते एस.टी. स्टँडकडे गेले नाहीत. चालतच गावाच्या वाटेला लागले. अकरा मैल होतं.

"चला आबा," प्रयाग म्हणाली. "गाडी लागली असंल."

"मी येतो स्टँडपर्यंत," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातून पेटी घेतली. सातव्या महिन्यात बाईनं पेटी उचलू नये, म्हणून सासऱ्यांनी ती तिच्याकडून घेतली.

"प्रयाग, माझं ऐक. ते तोंडातून गेलं."

"तुमचा सहाचा खेळ आहे ना," ती म्हणाली. "वेळ होईल."

ती दोघं गेली. आणि मी सहाच्या खेळाला वेळेवर हजर होतो.

दोन महिन्यांनी मुलगा झाल्याचं कार्ड आलं. कार्डावर अक्षर गुरुजींचं होतं, तिचं नव्हतं. बारशाला मी टोपी, अंगडं आणि पेढे घेऊन कासारखेडला गेलो. दारात मांडव नव्हता, पण अंगण सारवलेलं होतं. प्रयागच्या आत्यानं दोन पायल्या हरभरे भिजवून घुगऱ्या केल्या होत्या. सगळ्या आळीला बोलावणं गेलं होतं. पाळण्याजवळ सतरंज्या घातल्या होत्या.

चार वाजता कुणी आलं नाही. पाचला आत्या दोन घरी परत जाऊन आली. "येत्यात म्हणत्यात," ती म्हणाली, पण कुणाकडे न बघता. सहाला गुरवाची म्हातारी आली, पोराच्या हातावर सुपारी ठेवून दारातूनच गेली. शेवटी आत्या एका बाजूला, प्रयाग दुसऱ्या बाजूला, अशा दोघींनीच पोराला पाळण्याच्या वरून खालून घेतलं आणि नाव ठेवलं. सासरे मागच्या सोप्यात होते. पोलीस पाटीलकी त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडली होती आणि बंदूक तहसीलला जमा केली होती. कुणी मागितली नव्हती.

घुगऱ्यांचं घमेलं तसंच भरलेलं होतं. आत्या म्हणाली, "जावईबापू, तुम्ही तरी घ्या." प्रयागनं वाटीभर माझ्यापुढं ठेवल्या. मी खाल्ल्या. काय करणार होतो? ती समोर बसून पोराला पाजत होती. मी तिला म्हणालो, "मी टॉकीज सोडतो."

"सोडू नका," ती म्हणाली. "आता पोर आहे."

मी सोडलं नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण आता लपवून कुणासाठी ठेवू? मी आणखी दोन वर्षं त्या माइकवर होतो. लोकांनी ते पिक्चर परत मागितलं. "पिंप लावा, पिंप लावा," म्हणून दस्तगीरभाईंच्या मागं लागायचे. त्यांनी ते आणखी तीन मंगळवार लावलं. पहिल्या वेळी मी पिंपावर गप्प राहिलो, तर लोकांनी शिट्ट्या मारून छप्पर उचललं. दुसऱ्या वेळी मी परत तेच केलं, घोगरा आवाज आणि बारीक आवाज. फक्त एस.टी. गाळली.

प्रयाग पोराला घेऊन तिसऱ्या महिन्यात परत आली. भांडली नाही. माहेरी जाऊन राहिली नाही. वेळेवर जेवायला वाढलं, माझे कपडे धुतले, दुसरी मुलगी झाली, दोघांची शिक्षणं झाली. सासरे चार वर्षांनी गेले तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीसुद्धा. टॉकीजची पायरी मात्र ती पुन्हा चढली नाही. टीव्ही आल्यावर कधी दुपारी असलं एखादं घोड्यांचं जुनं पिक्चर लागायचं. मी हळूच म्हणायचो, "बघ, तुझं आलंय." ती आत जाऊन काहीतरी काम काढायची. मला वाटलं, हिला पिक्चरचा राग आहे. पिक्चर जाऊ दे, बाकी सगळं ठीक चाललंय. अठ्ठेचाळीस वर्षं मला असंच वाटत होतं.

गेल्या पौषात तिच्या पोटात दुखायला लागलं. म्हणजे मला तसं वाटलं. ती रात्री उठून बसलेली मला दिसली म्हणून. मुलानं सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. शेजारच्या शकूवहिनी सोबतीला आल्या होत्या, प्रयागचं आणि त्यांचं फार जमायचं. डॉक्टर तरुण होता. कागद पुढं ओढून त्यानं मला विचारलं, "आजोबा, कधीपासून दुखतंय यांना?"

"आठवडा झाला," मी म्हणालो.

"आठवडा?" त्यानं पोटाचा फोटो उजेडाकडे धरला. "नीट आठवून सांगा."

"आषाढापासून," मागून शकूवहिनी म्हणाल्या. "आषाढापासून मला सांगतीय. मी म्हटलं, अगं, भाऊजींना सांग, तर म्हणायची, बघू."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, मग कागदावर लिहिलं.

त्या दिवशी दुपारी तिला कॉटवर झोपवलं होतं, हाताला सुई लावली होती. शकूवहिनी चहा प्यायला खाली गेल्या होत्या. मी स्टूल ओढून जवळ बसलो.

"सहा महिने दुखत होतं," मी म्हणालो. "मला का नाही सांगितलं?"

ती विचार करत राहिली. खरंच विचार करत होती, मी विचारीन असं तिला वाटलं नव्हतं.

"तुम्हाला सांगायची सवयच राहिली नाही," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी म्हणालो असतो. तिनं पाणी मागितलं. मी पेला तिच्या तोंडाला लावला. दोन घोट पिऊन तिनं पदरानं तोंड पुसलं, दाराकडे बघितलं, आणि शकूवहिनी कधी वर येतील म्हणून विचारलं.